बेगमी

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी घरातले डबे मोजायला बसले. काही चपलांच्या कपाटात होते, काही वॉशिंग मशीनच्या मागे, काही पलंगाखाली बॅगांच्या आड. सगळे ओढून बाहेरच्या खोलीत आणले, दहा-दहाचे मनोरे रचले आणि मोजले. 87 भरले. एकशे आठ असते तर निदान जपमाळ तरी झाली असती.

हे डबे स्पॅमचे. आपल्याकडे स्पॅम म्हटलं की ‘कर्ज हवंय का’ विचारणारे फोन आणि न उघडलेल्या मेलचा ढीग आठवतो. त्या ढिगाला हे नाव पडलं तेच मुळी या डब्यामुळे. एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात खानावळीतल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम निघतं, नको म्हटलं तरी निघतं, त्यावरून. खरं स्पॅम म्हणजे डुकराचं मांस, मीठ, पाणी, थोडी साखर, थोडा स्टार्च आणि रंग गुलाबी ठेवणारं सोडियम नायट्राइट; हे सगळं दळून डब्यात भरायचं आणि झाकण बंद करून डब्यातच शिजवायचं. अमेरिकेत मिनेसोटातल्या ऑस्टिन गावच्या हॉर्मेल कंपनीनं ते 1937 साली बाजारात आणलं. नाव सुचवणाऱ्याला शंभर डॉलरचं बक्षीस मिळालं, आणि तो निघाला कंपनीच्याच एका उपाध्यक्षाचा भाऊ. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आम्ही दक्षिण कोरियात सुवॉनला राहतो. इथं वर्षातून दोनदा भेटवस्तूंचा पूर येतो: चांद्रवर्षाच्या पाडव्याला, म्हणजे सॉल्लालला, आणि शरदातल्या छुसॉकला. दिवाळीत आपल्याकडे सुक्या मेव्याचं खोकं जसं या घरून त्या घरी फिरतं, तसा इथं स्पॅमचा सेट फिरतो. सेट म्हणजे साधीसुधी पिशवी नव्हे. रुंद, चपटं, झाकणाचं खोकं. आत साच्यात बसवलेले 200 ग्रॅमचे डबे, जसे काही दागिनेच. बाजूला कनोला तेलाच्या दोन बाटल्या. वर सणाच्या शुभेच्छा आणि हातात धरायला कापडासारखी दिसणारी पिशवी. सुपरमार्केटात या खोक्यांच्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांच्यापुढे एप्रन घातलेल्या बाया ओरडून ओरडून गिऱ्हाईक बोलावतात. अमेरिकेखालोखाल जगात सगळ्यात जास्त स्पॅम खपतं ते या देशात.

आता आमच्याकडे इतके कसे साठले, तर त्याचा दोष अर्धा पंचांगाचा आणि अर्धा मित्रमंडळींचा.

छुसॉक हा त्यांच्या पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा सण. नव्या पिकाचा आणि पूर्वजांचा. सकाळी पूर्वजांपुढे पान मांडायचं, मग त्यांच्या कबरींना भेट द्यायला जायचं. आपल्या पंचांगात ती पौर्णिमा बहुधा भाद्रपदातली येते, अधिक महिन्याच्या घोळात कधी आश्विनातली. 2023 साली छुसॉक आला 29 सप्टेंबरला. म्हणजे आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आणि गणपती बोळवून चोवीस तास होत नाहीत तोच दारात स्पॅम. पुढे लगेच पितृपंधरवडा. ते लोक पूर्वजांना वाढत होते, आम्हीही वाढणार होतो, फक्त सासरच्या रीतीनं त्या पंधरवड्यात घरात सामिष शिजत नाही. सेट कपाटात गेला तो गेलाच. 2024 ला तेच. 2025 ला मात्र छुसॉक 6 ऑक्टोबरला, नेमका कोजागिरीला आला. मी मसाला दूध आटवत होते आणि नवरा दोन्ही हातांत तीन-तीन पिशव्या घेऊन दारात उभा.

त्या सहा पिशव्यांतली आमची एकच. नवऱ्याच्या ऑफिसात भारतीय बरेच आहेत. त्यातले निम्मे शाकाहारी, काही मुसलमान, काही ‘चिकनपर्यंत ठीक आहे’ म्हणणारे. कंपनी कोणाचं सोवळं-ओवळं विचारत नाही, सगळ्यांना एकच सेट देते. आणि आम्ही हे खातो, ही बातमी एका ऑफिसच्या जेवणात फुटली, नवरा शेगडीवरचे डुकराचे काप चिमट्यानं उलटताना पकडला गेला तेव्हा. त्यानंतर प्रत्येक सणाला, ‘तुम्ही खाता ना? घेऊन जा.’ नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. तेलाच्या बाटल्या मात्र प्रत्येकानं आधीच काढून घेतलेल्या असायच्या. खोकं उघडलं की डबे जागच्या जागी आणि कोपऱ्यात दोन गोल खड्डे रिकामे.

विकायचा प्रयत्न केला. शेजारपाजारी जुन्यापान्या वस्तू विकण्याचं ॲप इथं घराघरात आहे. पण सण संपला की अख्खा सुवॉन तेच विकायला काढतो. माझ्या खोक्याचा फोटो टाकला तेव्हा आमच्याच इमारतीतली तशीच चार खोकी त्याच्या खाली दिसत होती. राहिला टाकून देण्याचा प्रश्न, तर ते माझ्याच्यानं होत नाही. अन्न टाकलं की हातून काही तरी घडल्यासारखं वाटतं, मग ते कितीही गुलाबी असो.

तेव्हा खायचं ठरवलं. आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले.

माझी चूक अशी की मी त्याला मटण समजले. डब्यात मांस आहे ना, मग मांसाचं जे करतात ते करू. कांदा-खोबरं भाजलं, वाटप केलं, वेंगुर्ल्याहून आणलेला मालवणी मसाला काढला, दोन डब्यांचे चौकोनी तुकडे केले, अंदाजानं मीठ घातलं आणि कुकर लावला. तीन शिट्ट्या. झाकण उघडलं तर वर बोटभर जाड केशरी तवंग आणि खाली मुळी तुकडेच नाहीत. जे डब्यात शिजून आलंय त्याला मी पुन्हा शिजवलं होतं, ते बिचारं विरघळून गेलं. एक चमचा तोंडात घातला आणि तशीच बेसिनकडे पळाले. समुद्राचं पाणी परवडलं. लेक आठ वर्षांची, तिनं भातावर वाटी ओतून घेतली होती. ती काही बोलली नाही, नुसती उठून पाण्याचा तांब्या आणून टेबलावर ठेवला.

त्या रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. आई वेंगुर्ल्यात असते, वय 71, आणि मासळी सोडून दुसऱ्या कुठल्याही मांसाबद्दल तिला फारसा आदर नाही. मी डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. हा डबा उघडण्यातही एक मजा आहे. कडी ओढली की ‘फक्’ आवाज होतो, पण आतला ठोकळा बाहेर येत नाही. डब्याच्या दोन बाजू दाबायच्या, उलटा धरून झटका द्यायचा, मग हवा आत शिरल्याचा एक ओला, जरासा अश्लीलच आवाज येतो आणि लडबडलेला ठोकळा ताटलीत घसरतो. कडांना जेलीचे चकचकीत गोळे.

“काय गो तां? साबण?” आई म्हणाली.

“मांस आहे. डब्यातलं.”

“डुकराचां?”

“हो.”

पुढे काय येतंय म्हणून मी श्वास धरला. आमच्या घरात डुक्कर कधी शिजलं नाही. पण तिनं चष्मा वर सारला आणि विचारलं, “मीठ किती हा तेच्यात?”

मी सांगितलं, भरपूर. रश्श्याची कथाही सांगितली. ती हसली नाही, उलट जरा वैतागलीच. म्हणाली, “मगे ह्यां मटाण खंयचा? ह्यां खारां. खाऱ्यात कोण मीठ घालता?”

झालं. माझ्या सात महिन्यांच्या स्वयंपाकाचा पाया या एका वाक्यात घातला गेला.

कोकणात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे सोडवून सांगायला नको. मे महिन्यात बंदरावरून बांगडे येतात, ते चिरून साफ करायचे, मडक्यात मिठाचा एक थर, बांगड्यांचा एक थर, पुन्हा मीठ. अंगणात बोंबील, गोलमा, सुकट वाळत पडलेली आणि त्यांच्यावर राखण करायला एक पोर काठी घेऊन बसलेलं. आमच्याकडे याला पावसाची बेगमी म्हणतात, पलीकडे गोव्यात पुरुमेंत. जून लागला की होड्या वर ओढतात, समुद्र बंद, आणि पुढचे दोन-अडीच महिने त्या मडक्यावर काढायचे. पण खारा बांगडा कोणी पापलेटासारखा ताटभर खात नाही. त्याचा एक तुकडा निखाऱ्यावर भाजायचा आणि त्याच्या जिवावर ताटभर पेज संपवायची. सुकट मूठभर, कांदे चार. खारं हे ताटातलं मुख्य अन्न नसतंच. ते ताटाचं मीठ असतं, फक्त त्याला वास आणि चव जास्त.

मी दुसऱ्या दिवशी गणित मांडून पाहिलं. अमेरिकन डब्यावर लिहिलेलं असतं की 56 ग्रॅमला 790 मिलिग्रॅम सोडियम. त्या हिशोबानं 340 ग्रॅमच्या मोठ्या डब्यात जवळजवळ 12 ग्रॅम मीठ, आणि आमच्याकडच्या 200 ग्रॅमच्या डब्यात सात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की माणसानं दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहावं. म्हणजे एक छोटा डबा हे एका माणसाचं दीड दिवसाचं मीठ, किंवा आम्हा तिघांच्या एका वेळच्या जेवणाला लागेल त्याहून जास्तच मीठ. आईनं यातला एकही आकडा न वाचता बरोबर सांगितलं होतं. त्यातून 2015 साली याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांच्या यादीत टाकलेलं आहे, म्हणून मी आठवड्याला दोन डब्यांची मर्यादा घातली. नवरा म्हणाला, या वेगानं वर्ष लागेल. म्हटलं, लागू दे.

आता ती सुकटीच्या वळणाची भाजी, कारण ही एकच गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते. ठोकळ्याचे पातळ काप करायचे आणि कापांच्या आगपेटीच्या काडीएवढ्या काड्या. चौकोनी तुकडे नकोत. तुकडा दाताखाली आला की नुसतं मीठ लागतं, काडी कांद्यात मिसळून जाते. पाणी उकळून गॅस बंद करायचा, काड्या त्यात मिनिटभर बुडवायच्या. पाणी ढगाळ होतं, वर चरबीच्या चांदण्या तरंगतात. हे कोरियन बायकाही करतात, मीठ आणि चरबी दोन्ही थोडं उतरतं. निथळून कोरड्या लोखंडी तव्यावर. तेल अजिबात नाही, त्याचं त्यालाच पुरून उरतं. सुरुवातीला काड्या घाम आल्यासारख्या ओलसर दिसतात, मग आपल्याच चरबीत चुरचुरायला लागतात, कडा तपकिरी होतात आणि साबणाचा रंग जाऊन त्यांना भाजक्या खोबऱ्याचा रंग येतो. त्या क्षणी बाजूला काढायच्या. उरलेल्या चरबीत चार मोठे कांदे उभे चिरून, सात-आठ ठेचलेल्या लसूणपाकळ्या, हळद, चमचाभर मालवणी मसाला. कांदा मऊ झाला की काड्या परत टाकायच्या, पाच आमसुलं, मूठभर ओलं खोबरं, कोथिंबीर. झाकण ठेवून दोन वाफा. मीठ? आईचं वाक्य आठवायचं.

आमसुलावर मात्र हात आखडता घेऊ नये. या मांसातली चरबी जिभेवर मेणासारखी बसते, तिला आंबटानंच उठवावं लागतं. इथले लोक ते काम किमचीवर, म्हणजे मीठ-मिरचीत आंबवलेल्या कोबीवर, सोपवतात. म्हापशाची माझी एक मैत्रीण आहे, तिला हे कळवलं तर म्हणाली, यात नवल काय, चोरीसाचं आम्ही हेच करतो. गोव्याच्या त्या लाल सॉसेजमध्ये मीठ, मिरची आणि व्हिनेगर इतकं भरलेलं असतं की तिच्याकडे दोन माळांना अर्धा किलो कांदा आणि वर बटाटे पडतात. आमसूल नसेल तर व्हिनेगर घाल, म्हणाली. घातलं. चालतं, पण आमसूल ते आमसूल.

एवढं जमल्यावर मला हुरूप आला, आणि मग हा डबा या देशात आला कुठून ते बघायला आम्ही एका शनिवारी उइजॉंगबूला गेलो. सोलच्या उत्तरेला, आमच्याकडून लाइन 1 धरून खूप लांबचा प्रवास. तिथं एक अख्खी गल्लीच बुदे-जिगेची आहे. ‘बुदे’ म्हणजे लष्करी तुकडी, ‘जिगे’ म्हणजे रस्सा. टेबलातच शेगडी, तिच्यावर पसरट भांडं, त्यात स्पॅमचे काप, सॉसेज, खिमा, किमची, टोफू, कांद्याची पात, वरून मिरचीचा लाल गोळा, आणि उकळी फुटली की मधोमध इन्स्टंट नूडल्सची वडी. वाढणाऱ्या बाईंना सगळे ‘इमो’ म्हणून हाक मारत होते. इमो म्हणजे मावशी. खानावळीतल्या बाईला मावशी म्हणणारे आपण एकटेच नाही, हे कळून बरं वाटलं.

या रश्श्याचा जन्म मात्र पोटाच्या आगीतला. 1950 ते 53 च्या युद्धानंतर देश उपाशी होता आणि उइजॉंगबूत अमेरिकन सैन्याचा तळ होता. तळावरून जे बाहेर पडेल, चोरून, लपवून, प्रसंगी खरकट्यातून, ते पातेल्यात जायचं. तळावरचं मांस बाहेर विकणं बेकायदा. गल्लीतलं सगळ्यात जुनं हॉटेल 1960 पासूनचं, आणि त्याच्या पाटीवर आजही ‘ओदेंग सिकदांग’ असंच लिहिलंय, म्हणजे माशाच्या वड्यांची खानावळ. आत शिजायचं अमेरिकन मांस, पाटी माशाची. पुढे 1966 साली अमेरिकन अध्यक्ष जॉन्सन कोरियात येऊन गेले, आणि या रश्श्याला लोक थट्टेनं जॉन्सन-तांग, जॉन्सनचं सूप, असंही म्हणायला लागले. 1987 पासून स्पॅम कोरियातच तयार व्हायला लागलं. ते बनवणाऱ्या कंपनीचं मूळ नाव ‘जेइल जेदांग’, अर्थ ‘पहिला साखर कारखाना’. 1953 साली ती साखर काढायला निघाली होती, आणि साठच्या दशकात या देशात सणाला द्यायची मानाची भेट होती साखरेची पिशवी. त्या जागी हळूहळू डबा येऊन बसला. एका पिढीनं जे लपवून खाल्लं ते पुढच्या पिढीनं रिबिन बांधून दिलं.

हे मी सासूबाईंना सांगत होते. त्या माण तालुक्यातल्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आमच्याकडं कुणी मिलो नाय दिली बाई सणाला.”

मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. 1972 च्या दुष्काळात ती रेशनवर मिळायची. सासूबाई तेव्हा लग्न होऊन नव्यानं आलेल्या, दिवसभर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायच्या. मिलोचं पीठ पाण्याला धरायचं नाही, भाकरी थापताना कडेनं फाटायची, तव्यावर टाकली की लाल-काळी दिसायची आणि घशाखाली उतरताना खरखरायची. अजून त्यांच्यासमोर कोणी लालसर ज्वारी आणली तर त्या पिशवी लांब सरकवतात. तीही अमेरिकेचं वरकड धान्य होतं, तीही भुकेच्या वर्षात आली. मग कोरियात डब्याचं कौतुक का झालं आणि आपल्याकडे मिलोचं का नाही? मी बरेच दिवस यावर डोकं चालवलं. मला वाटतं, ज्वारी आपल्याकडे होतीच, आणि चांगली होती. मिलो खाताना शाळूची भाकरी आठवणार, आणि आठवणीपुढे ती हरणारच. डब्याला इथं तुलना करायला काही नव्हतं. सासूबाईंचं उत्तर याहून सोपं आहे: “ते मटन होतं, हे जुंधळं.”

उइजॉंगबूहून आल्यावर मी एक सवय लावून घेतली. नवा पदार्थ करायचा तर आधी विचार करायचा, यात मीठ कुठे पडतं? ते काढून तिथे डबा बसवायचा. या चाळणीतून बरंच काही पार झालं. फोडणीचा भात तर यासाठीच जन्मला असावा. कांदेपोह्यांत बारीक चुरा उत्तम. लिंबू जास्त पिळायचं. बटाट्याच्या रस्सा-भाजीत हातानं कुस्करून घालायचं. ही युक्ती इथलीच: ठोकळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि बाहेरून मुठीनं चेचायचा, लेकीला हे काम फार आवडतं. आमटीत मात्र घालू नये. मी घातलं, तुरीच्या डाळीची आणि त्याची अशी काही भांडणं झाली की दोघांचीही चव गेली. भजी केली, कारण युद्धकाळातल्या इंग्लंडात स्पॅमचे काप पिठात बुडवून तळायचे असं कळलं होतं. बेसनात बुडवून तळलेला काप म्हणजे तेलात तळलेली चरबी आणि आत मीठ. चहाबरोबर एक खाल्लं की दुसऱ्याची इच्छा होत नाही, तेवढाच त्याचा गुण.

सगळ्यात मोठं आश्चर्य कारल्यानं दिलं. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा बेटं आहेत, तीही 1972 पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होती, त्यामुळे डबा तिथंही पोहोचला. आणि तिथल्या लोकांचं रोजचं खाणं काय, तर गोया चाम्पुरू: कारलं, टोफू, अंडं आणि डब्यातलं मांस. गोया म्हणजे आपलं कारलंच. मी कारल्याच्या पातळ चकत्यांना मीठ न चोळता गरम पाण्यात बुडवून पिळून घेतलं, काड्या तव्यावर कुरकुरीत केल्या, त्याच चरबीत कारलं परतलं, टोफू कुस्करला, वरून दोन अंडी फोडली आणि कारल्याच्या भाजीत घालते तसा गुळाचा छोटा खडा टाकला. ओकिनावावाले गूळ घालत नाहीत, मी घातला. कडू, खारट, गोड आणि अंड्याचा मऊपणा. नवरा कारल्याला हात लावत नाही, त्यानं ताटली पुसून खाल्ली. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलू नये.

नोव्हेंबरात शेजारच्या आजींनी किमचीचा घाट घातला. इथं सगळे त्यांना हाल्मॉनी म्हणतात, म्हणजे आजीच. थंडीच्या तोंडावर वर्षभराची किमची घालायची, याला किमजांग म्हणतात. बाथरूमच्या टबात मिठात मुरवलेल्या कोबीचे ढीग, लेकी-सुना कोपरापर्यंत लाल हातमोजे घालून बसलेल्या. मीठ, मिरची, लसूण, आंबवलेली जवळ्यासारखी बारीक कोळंबी. तो वास आला आणि मी दारातच थांबले. आमच्या अंगणातला मे महिना तिथं नोव्हेंबरात, पंधराव्या मजल्यावर चालला होता. मी पाच डबे घेऊन गेले होते. आजींनी ते दोन्ही हातांनी घेतले, इतक्या अदबीनं की मला माझ्या चपलांच्या कपाटाची लाज वाटली. बदल्यात दोन वर्षं मुरलेली किमची दिली, तपकिरी, डोळ्यांत पाणी आणणारी आंबट. त्या किमचीत शिजवलेलं स्पॅम माझ्या सगळ्या प्रयोगांच्या वरचढ आहे, हे कबूल करायला हवं. चव बघून मी विचारलं, मीठ किती घातलंत? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आईनं पाहिलं होतं तशाच.

सॉल्लालला आणखी नऊ आले. या वेळी एका सहकाऱ्यानं तेलाची एक बाटली ठेवून दिली होती, कदाचित नजरचुकीनं.

फ्रिजवर मी एक कागद लावलाय, उघडलेल्या डब्याला एक रेघ. एकदा झाकणाची धारदार कड बोटाला लागली, त्या आठवड्याच्या रेघेवर रक्ताचा ठिपका आहे. उरलेला अर्धा ठोकळा डब्यात ठेवायचा नाही, काचेच्या भांड्यात काढायचा, दोन-तीन दिवसांत संपवायचा, नाहीतर काप करून फ्रीझरमध्ये. हेही त्याच कागदावर खाली लिहिलंय, नवऱ्यासाठी. तो कागद आता दोन्ही बाजूंनी भरत आलाय.

काल आईचा फोन आला. ती अंगणात बसली होती, मागे मडकं, हाताला मीठ. यंदा बांगडा बरा मिळाला म्हणाली, दोन थर झाले, तिसरा लावतेय. पावसाचे ढग दिसायला लागलेत का विचारलं तर म्हणाली, आठ दिवस आहेत अजून. आमच्याकडेही जूनच्या अखेरीस पाऊस सुरू होतो, मी सांगितलं, महिनाभर धो-धो, बाहेर पडवत नाही. तिनं एक बांगडा पोट उघडून मिठावर आडवा ठेवला, वरून मूठभर मीठ पसरलं आणि मान वर न करता विचारलं, “तुझे किती रवले?”

मी फ्रिजवरच्या रेघा मोजून वजाबाकी केली. “एकतीस.”

“पावसाक पुरतले,” ती म्हणाली आणि पुढचा बांगडा उचलला.